शहिदाचे कर्ज

देशासाठी मेलेल्या माणसाचे नाव आपण कशासाठी घेतो, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्यासारखाही वाटत नाही. हार घालावा, दोन मिनिटे उभे राहावे, 'अमर रहे' म्हणावे, एवढे सगळ्यांनाच येते. पण कळंब्यातला आमचा बालमित्र सरहद्दीवर कामी आला, तेव्हा त्याच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "आपल्या समाजानेही देशासाठी रक्त सांडले आहे, हे आता कुणाला नाकारता येणार नाही." टाळ्या पडल्या. आम्ही दोघे भाऊ मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो.

आमचा मित्र काही सिद्ध करण्यासाठी फौजेत गेला नव्हता. कळंबा तलावाच्या बांधावरून पहाटे धावून धावून त्याने भरतीची तयारी केली. घरी पगाराची गरज होती, अंगात रग होती आणि वर्दीची हौसही होती. कोल्हापूर जिल्ह्यातली हजारो पोरे याच कारणांनी फौजेत जातात. शेजारच्या मराठा घरातला जवान पडला तर त्याचे मरण म्हणजे त्याचे मरणच असते. आमच्या मित्राच्या मरणाचा मात्र एका दिवसात दाखला झाला.

हा दाखला पुढे करणाऱ्यांवर आमचा राग नाही. ज्याच्याकडे वारंवार कागद मागितला जातो तो कागद जपून ठेवतो. म्हणूनच ३ जुलै १९४८ रोजी झांगडला पडलेले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान आणि १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ रणगाडे उडवून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले अब्दुल हमीद यांची नावे आमच्या प्रत्येक सभेत निघतात. पण या दाखल्याची मुदत किती? १९४८ चा १९६५ ला पुरला नाही आणि १९६५ चा आजही पुरत नाही. दर पिढीला नवी मय्यत दाखवावी लागत असेल, तर दोष दाखल्यात नसून मागणीत आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, तेव्हा आधी तुमचे किती जण मेले ते सांगा, असे विचारले नव्हते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट म्हणत असे की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. मेलेला माणूस तर नकारही देऊ शकत नाही. त्याच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच पाळायला हवी.

या प्रश्नाची दुसरी बाजू आम्हांला बेळगावच्या वाटेवर सुचली. मित्राच्या स्मृतिदिनाला आम्ही त्याच्याच मोटरसायकलवरून बेळगावला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात त्याची कसम परेड झाली होती. गोकुळ शिरगावजवळ हायवेला लागायचे, कागल, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर असे करत शंभरावर किलोमीटर जायचे. निम्म्या वाटेत एक भाऊ चालवतो, निम्म्या वाटेत दुसरा. वाऱ्यामुळे बोलणे होत नाही, आणि ते बरेच असते.

या पलटणींच्या इतिहासात आमच्यासारखेही आहेत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. यांतल्या काही पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथली फौज शरण गेली. समोर तुर्की सुलतानाची, म्हणजे त्या काळच्या खलिफाची फौज होती. त्या शिपायांच्या मनात काय चालले असेल, हे कुणी विचारले नाही. पुढे १९२९ साली बसऱ्याला भव्य स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र, मग तो मराठा असो की मुसलमान, पलटणवार नुसता आकडा कोरला. ही विषमता होती, अशी कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, जे २०१९ साली खुले झाले, प्रत्येक जवानाचे नाव दगडावर आहे. ही सुधारणा मोठीच आहे.

म्हणजे मेलेल्या शिपायाचा एक तर आकडा होतो, नाही तर दाखला. दोन्हींत माणूस हरवतो. मग त्याला माणूस म्हणून आठवायचे कसे? याचे उत्तर आम्हांला मित्राच्या आईने दिले. पहिल्या वर्षी आम्ही हार घेऊन गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांनो, हार आणू नगासा. त्येनं कुणाकडनं काय घेतलं असंल, तर तेवढं सांगा."

त्यांनी कुठलाही ग्रंथ वाचलेला नाही, पण बोलल्या ते हदीसला धरून. शहिदाचे सारे गुनाह माफ होतात, कर्ज तेवढे राहते, अशा आशयाची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. जनाज्याच्या नमाजीपूर्वी मय्यतीवर कर्ज आहे का, अशी विचारणा पैगंबर (स.) करीत. एकदा कर्ज निघाले तेव्हा त्यांनी इतरांना नमाज पढायला सांगितले. अबू कतादा यांनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच ते स्वतः पुढे झाले. नंतर हाती पैसा आल्यावर असे कर्ज ते स्वतः फेडीत. एवढे मोठे मरण, आणि तरी किराणा दुकानदाराची उधारी त्यात बुडत नाही! शहिदाला देव्हाऱ्यात न बसवता देण्याघेण्याच्या जगात ठेवणारा हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. ज्याचे कुणाचे देणे आहे तो माणूस असतो. आकड्याला उधारी नसते.

आम्ही चौकशी केली. मोटरसायकलचे काही हप्ते पतसंस्थेत राहिले होते, एका मित्राचे हातउसने होते, भिशीची एक पाळी चुकली होती. रक्कम फार नव्हती. ती आम्ही दोघांनी फेडली. पैशाने न फिटणारे एक देणे मात्र उरलेच. त्याची मुलगी लहान आहे. फोटोतला, हार घातलेला बाप तिला ठाऊक आहे. तो पोहायला घाबरायचा, चहात साखर दोनदा घालायचा, आणि धावताना मागे पडलेल्यासाठी थांबायचा, हे तिला सांगायला आम्हीच उरलो आहोत.

वाटेवर वारा लागला की मजा येते, हे खोटे कशाला सांगावे? श्रद्धांजलीच्या प्रवासात आनंद व्हावा का, असे कुणी विचारतात. अमलाचा हिशेब नियतीवर आहे, असे आपण मानतो. मित्राची गाडी चालू राहावी, त्याचे देणे फिटावे आणि त्याच्या मुलीला बाप कळावा, एवढीच आमची नियत आहे. निष्ठेचा दाखला ज्यांना हवा असेल त्यांनी तो दुसरीकडे शोधावा. आमचा मित्र त्या कामाला आम्ही देणार नाही.