उजेड कोणाचा?

अलीकडे जगातल्या मोठ्या शहरांत चौकांमधून, उद्यानांतून, नदीकाठांवरून प्रकाशशिल्पे उभी राहू लागली आहेत. पूर्वी चौकात पुतळा असे. आता काही ठिकाणी पत्र्याची किंवा लाकडाची कोरीव पेटी असते, आत दिवा असतो, आणि भोवतालच्या भिंतींवर, जमिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर पडणारी नक्षी हेच शिल्प समजले जाते. ही नक्षी बहुधा वर्तुळ, षट्कोन आणि तारा यांच्या भूमितीतून निघालेली असते, आणि तिचे घराणे शोधत गेले की आपण पुष्कळदा इराणच्या वास्तुकलेपाशी पोचतो. यांतल्या काही कलाकृती एका विशिष्ट जागेसाठीच घडवलेल्या असतात. तेथून हलवल्या की त्यांचा अर्थ उरत नाही.

हे सारे नवे म्हणून सांगितले जाते. पण ग्वाल्हेरला किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या शहरात, असे एक प्रकाशशिल्प साडेचारशे वर्षे उभे आहे. सूफी संत महंमद घौस १५६३ च्या सुमारास निवर्तले आणि अकबराच्या काळात त्यांचा मकबरा बांधला गेला. चौरस इमारत, कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे, वर एके काळी निळ्या फरश्यांनी मढवलेला मोठा घुमट. पण तेथे जाणाऱ्याच्या लक्षात राहते ती जाळी. कबरीच्या दालनाभोवती फिरण्याची जी वाट आहे, तिच्या बाहेरच्या भिंती जवळजवळ सगळ्या दगडी जाळीच्याच आहेत. सकाळी पूर्वेचे ऊन आत आले की फरशीवर षट्कोन आणि तारे उमटतात. ऊन चढते तसे ते आखूड होतात आणि सरकतात. दुपार कलली की पश्चिमेची जाळी कामाला लागते. येथे विजेचा दिवा लागत नाही. सूर्य हाच त्याचा दिवा, आणि ती जागा हीच त्याची अट.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील मंडळींबरोबर मी ग्वाल्हेरला गेलो होतो. मकबऱ्याच्या दाराशी आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘हे त्यांचं. आपलं पुढं आहे, राजवाड्यात.’ बोलणे सहज होते, त्यात द्वेष नव्हता. पण मला ते विचार करण्यासारखे वाटले, कारण आपण सीमाभागातली माणसे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे दोन शब्द दिवसातून किती वेळा वापरतो याची गणतीच नसते.

प्रथम त्या राजवाड्याचेच पाहू. जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतला. धनी मराठी, म्हणून तो आपला. पण त्याची घडण युरोपीय आहे. दरबारातली दोन प्रचंड झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची. ती छताला पेलतील की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे तेथे सांगतात. ही साहेबी घडण आणि ही झुंबरे आपण बिनदिक्कत आपली म्हणतो. आणि इथल्याच मातीत उभी, इथल्याच उन्हावर चालणारी ती जाळी मात्र ‘त्यांची’. मालकीचा हिशेब धन्याच्या नावाने करायचा की दगडाच्या, कारागिराच्या की आकृतीच्या?

आकृतीच्या नावाने करू गेले तर अडचण अधिकच वाढते. नववीच्या वर्गात आम्ही मुलांना शिकवतो की कंपासमधील अंतर न बदलता वर्तुळाच्या परिघावर खुणा करत गेलात, तर बरोबर सहा खुणांनी वर्तुळ पुरे होते. त्या सहा खुणा जोडल्या की षट्कोन होतो, एक सोडून एक जोडल्या की सहा टोकांचा तारा होतो. जाळीचे मूळ गणित एवढेच आहे. इराणी कारागिरांनी ते फार पुढे नेले. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३ च्या इमारतीवरील नक्षी, पाश्चात्त्य गणिताला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गवसलेल्या पुनरावृत्तीहीन रचनांच्या फार जवळ जाते, असे दोन शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. पण त्याच षट्कोनाची रांगोळी आमच्या आयाबहिणी ठिपके मांडून दारात काढत आल्या आहेत. षट्कोनाला मायभूमी नसते. मधमाशीने तो कोणाकडून घेतला नाही.

आणखी एक गोष्ट ग्वाल्हेरच्याच किल्ल्यावर आहे. तेथील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात, रोज ५० माळा, असे त्यात कोरले आहे, आणि त्या दोन्ही आकड्यांतले शून्य आपण आज लिहितो तसेच गोल आहे. हेच भारतीय अंक त्याच नवव्या शतकात, मध्य आशियातील ख्वारिझ्म प्रांताचे नाव लावणाऱ्या, बगदादमध्ये राहून लिहिणाऱ्या अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातून पश्चिमेकडे गेले. इकडून आकडे गेले, तिकडून रेषा आल्या. याचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडायचा?

कोणी म्हणेल, गुरुजी, हे सारे गोड आहे, पण इतिहास एवढा गोड नाही. ही हरकत रास्त आहे आणि ती टाळू नये. ज्या महंमद घौसांच्या मकबऱ्याचे मी कौतुक करतो आहे, त्यांच्या निरोपामुळे आपल्या माणसांना किल्ल्यात शिरता आले, असे खुद्द बाबराने लिहून ठेवले आहे. त्याच किल्ल्याच्या उरवाई खोऱ्यातील जैन मूर्ती फोडण्याचा हुकूम आपण दिला, हेही त्यानेच लिहिले आहे. पुष्कळ मूर्तींचे तोंड त्या वेळी गेले. त्याच घौसांनी ‘अमृतकुंड’ हा योगावरील ग्रंथ फारशीत आणला, हेही तितकेच खरे. एका माणसाच्या खात्यात दोन्ही नोंदी आहेत. एक दाखवून दुसरी झाकणे हे शिक्षकाला शोभणारे नव्हे, मग झाकणारा कोणत्याही बाजूचा असो.

पण या हरकतीतून जे अनुमान काढले जाते ते मला मान्य नाही. ज्यांनी मूर्ती फोडल्या त्यांच्या बाजूची कला आपल्याला परकी, असे म्हणताना आपण कलेला गुन्ह्याचा हस्तक समजतो. जाळी कोरणाऱ्या कारागिराने किल्ला जिंकला नव्हता. त्याला मजुरी मिळाली असेल. नाव मात्र मिळाले नाही.

शिवाय गाण्याच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधी विचारत नाही. त्या मकबऱ्याच्या आवारातच तानसेनाची लहानशी समाधी आहे. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून घेतली. वासुदेवबुवा हस्सू खाँचे शागीर्द. बुवांनी ती विद्या आपल्या मुलखात आणली आणि कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांसारखे शिष्य घडवले. ‘खयाल’ हा शब्द अरबी, फारशीतून आलेला. पण कृष्णाकाठी कोणी खयाल ऐकताना हा त्यांचा की आपला असे विचारत नाही. कानाने जे इतके सहज पचवले, ते डोळ्यांना का जड जावे?

याचे कारण मला असे वाटते की गाणे पुन्हा पुन्हा गावे लागते. जो गातो त्याचे ते होते. दगड मात्र एका जागी उभा असतो, म्हणून त्याच्यावर सात-बाऱ्यासारखा हक्क सांगावासा वाटतो. आता त्या जाळीचे पाहा. दगड एका जागी असला तरी त्याची खरी कृती, म्हणजे तो उजेड, रोज नव्याने पडतो आणि जो तेथे उभा असेल त्याच्या अंगावर पडतो. तो धरून ठेवता येत नाही, घरी नेता येत नाही, त्याच्यावर पाटी लावता येत नाही.

मात्र जाळी सर्वांना आत घेतेच असेही नाही. वाड्यांतून, जनान्यांतून तिने बायकांना जगापासून अडवलेही आहे. लाहोरला जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनिला कय्यूम आगा या कलावतीने नेमका हाच सल आपल्या प्रकाशशिल्पात घातला. लहानपणी मशिदीत बायकांना मिळणाऱ्या दुय्यम जागेची आठवण तिच्या मनात होती. स्पेनमधील अल्हाम्ब्रा राजवाड्याची नक्षी तिने लाकडी घनाकृतीवर कोरली, आत एकच दिवा ठेवला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स येथे ती मांडली. दालनात येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तीच नक्षी पडत होती. तेथे जनतेचा आणि परीक्षकांचा, दोन्ही सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाले. वारशाने ज्या दाराबाहेर ठेवले, त्याच वारशाच्या रेषांनी तिने दार उघडले. इराणच्या मोनीर शाहरूदी फर्मानफर्मायां हिने जुन्या आरसेकामाच्या कारागिरांना बरोबर घेऊन षट्कोनांच्या नव्या रचना केल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर तिला देशाबाहेर राहावे लागले. २००४ मध्ये ती परतली आणि पुन्हा कामाला लागली. २०१९ मध्ये ती वारली, त्याआधी दोन वर्षे तेहरानमध्ये तिच्या नावाचे संग्रहालय उघडले होते. या दोघींपैकी एकीनेही ‘हे आमचे आहे’ एवढे म्हणून भागवले नाही. मिळाले त्यावर काम केले.

आपल्या परंपरेत यासाठी फार नेमका शब्द आहे, ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. पूर्वजांकडून मिळाले त्याला आपल्या शास्त्रकारांनी मालमत्ता म्हटले नाही, कर्ज म्हटले. मालमत्तेचा मालक ती विकू शकतो, मोडू शकतो, कुलूप लावून ठेवू शकतो. कर्जदाराला तसे करता येत नाही, त्याला फेडावे लागते. वारशाचा प्रश्न ‘हे कोणाचे?’ असा विचारला की भांडण उभे राहते. ‘याचे मी काय देणे लागतो?’ असा विचारला की काम उभे राहते. माझ्या मते दुसरा प्रश्नच नैतिक आहे, पहिला फार तर कोर्टकचेरीचा.

हे आपल्या घराच्या अंगणातही लागू आहे. बिदरला इराणच्या गिलानहून आलेल्या महमूद गवानाने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरश्यांचे थोडे अवशेष अजून दिसतात. विजापूरला इब्राहिम रोझ्याच्या खिडक्यांत दगडाचीच अक्षरे कोरून जाळी केली आहे, म्हणजे उजेड अक्षरांतून आत येतो. ही ठिकाणे कन्नड मुलखात, इराणी हातवळणाची, मुसलमान राजवटीतली, आणि आपली मुले सहलीला जातात ती शाळा मराठी. त्या मुलाला कोणी विचारले की यातले तुझे काय, तर त्याने काय सांगावे? आम्ही त्याला हक्काची भाषा शिकवली आहे, कारण हक्कासाठी आम्हाला झगडावे लागले, आणि तो झगडा खोटा नव्हता. आपली भाषा शाळेत, कचेरीत, पाटीवर असावी ही मागणी न्याय्यच आहे. पण हक्काची भाषा जिथे चालते तिथेच चालावी. तिने सौंदर्याच्या दारात उभे राहून जन्मदाखला मागू नये. ज्या मुलाला दोन भाषांतला उजेड मिळतो त्याच्यावर कर्ज दुप्पट आहे, आणि हे कर्ज भाग्याचे आहे.

ते फेडायचे कसे? मोठे काही नको. जुन्या दगडावर आपले नाव कोरू नये आणि मुलांना कोरू देऊ नये, ही पहिली फेड. शेजाऱ्याच्या भाषेत त्या वास्तूचे नाव काय ते विचारून घ्यावे, ही दुसरी. आणि खरे ते दोन्ही बाजूंचे सांगावे, ही तिसरी, सर्वांत अवघड.

शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि कारभारातील फारशी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. राज्याच्या स्वत्वासाठी ते आवश्यकही होते. पण घरातला सण त्याने बदलला नाही. आज आपण दिवाळीला ‘रोषणाई’ करतो, तो शब्द फारशी. ‘आकाशकंदील’ लावतो, त्यातले आकाश संस्कृत आणि कंदील अरबीतून आलेला, त्याचे मूळ त्याहीपलीकडे ग्रीक-लॅटिनपर्यंत जाणारे. बांबूच्या कामट्यांचे चौकोन आणि त्रिकोण बांधून, रंगीत कागद चिकटवून मुले तो करतात, तेव्हा तीही एक भूमितीच असते. तो आपण घरात आत लावत नाही, बाहेर टांगतो. रस्त्याने जाणाऱ्याच्या सदऱ्यावर त्याचा रंग पडतो, आणि त्याने कोणत्या भाषेत नमस्कार केला यावर तो रंग बदलत नाही.