प्रसाद

ओंजळ पुढे केली की प्रसाद मिळतो, असं आपण धरून चालतो. शब्दाच्या पोटात मात्र देणारा हातच नाही. ‘सद्’ म्हणजे बसणं. त्याला ‘प्र’ लागला की नीट खाली बसणं; गाळ तळाशी जाऊन पाणी नितळ होणं. काव्यातला प्रसादगुणही हाच: वाचताक्षणी तळ दिसतो.

निवळीचं बी उगाळून माठातल्या गढूळ पाण्यात फिरवतात. मनुस्मृती सहाव्या अध्यायात त्या फळाला पाण्याचा प्रसाद करणारं म्हणते आणि लगेच बजावते, की निवळीचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही. सांगणं संन्याशाला आहे. जपमाळ ओढणाऱ्या संसारी माणसानंही ते ऐकावं.

गीतेत हा शब्द दोन टोकांना उभा आहे. दुसऱ्या अध्यायात राग-द्वेष सुटलेला माणूस विषयांत वावरतानाही प्रसाद मिळवतो आणि त्याची सगळी दुःखं सरतात. त्या दोन श्लोकांत देव कुठे नाही. अठराव्यात अर्जुन म्हणतो, माझा मोह गेला तो तुझ्या प्रसादानं. तिथे कमाई, इथे कृपा.

कठोपनिषदात हा प्रश्न एका विसर्गावर येऊन ठेपतो. आत्म्याचा महिमा दिसतो तो ‘धातुप्रसादात्’, म्हणजे मन आणि इंद्रियं निवळल्यामुळे, असं शंकराचार्य वाचतात. ‘धातुः प्रसादात्’ वाचलं, तर विधात्याच्या कृपेनं. श्वेताश्वतरात तोच मंत्र थोड्या फरकानं विसर्गासह येतो. मूळ पाठ कोणता, ते पंडितांनी ठरवावं. मला दोन्ही हवेत. निवळी फिरवणं माझ्या हातात आहे. गाळ खाली बसणं नाही. माझ्या हातात आणखी एवढंच, की पुन्हा ढवळू नये.

आणि तळहातावरचा शिरा? यज्ञातून उरलेल्या अन्नाला गीता तिसऱ्या अध्यायात ‘यज्ञशिष्ट’ म्हणते, प्रसाद नव्हे. खाण्याचा पदार्थ पुढे या शब्दाचा धनी झाला. त्यात वाईट काही झालं नाही. शेजारी कोण बसलाय हे न विचारता एकाच पातेल्यातलं खाल्लं, तर मनातलं बरंच खाली बसतं. मात्र रांगेत दुसऱ्याला रेटून पुढे गेलेल्याच्या हाती शिराच येतो.

‘पसायदाना’तला ‘पसाय’ म्हणजे हाच प्रसाद. शके १२१२ मध्ये, वाणीचा यज्ञ पुरा करून, ज्ञानेश्वरांनी तो विश्वात्मक देवाकडे मागितला. त्यातली पहिली मागणी दुष्टांचा नाश व्हावा अशी नाही. त्यांचा वाकडेपणा सुटावा, अशी आहे.