काळीज बदललेली गाडी

नाव बदलले म्हणजे वस्तू बदलते का, हा प्रश्न आमच्या मावळाला काही नवा नाही. मुरुंबदेवाच्या डोंगराला शिवाजीमहाराजांनी राजगड म्हटले. डोंगर होता तिथेच राहिला. तोरण्याचे त्यांनी प्रचंडगड असे नामकरण केले, पण लोकांच्या तोंडी तोरणाच टिकला. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, संस्थानचा तालुका झाला, आणि राजवाडा मात्र आहे त्याच जागी उभा आहे. शेजारच्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. तरी एसटीत बसलेली म्हातारी अजून वेल्ह्याचेच तिकीट मागते, आणि कंडक्टर तिला ते मुकाट्याने देतो. नाव बदलले आणि वस्तू तीच राहिली, तर माणसाचे फारसे अडत नाही. चार दिवस जीभ अडखळते, मग सवय होते.

याच्या उलट झाले तर मात्र मोठी पंचाईत होते. नाव तेच, बाहेरचे रूप तेच, आणि आतले बदललेले! असल्या वस्तूचे काय करायचे? आणि तिचा जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला नाही. तो भेटला गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका गोठ्यात. माझा एक जुना विद्यार्थी तिथे मोटारसायकल उघडून बसला होता. गाडी हिरो कंपनीची इम्पल्स. २०११ साली ती निघाली तेव्हा खडकाळ, कच्च्या वाटांवर चालणारी आणि सामान्य माणसाला परवडणारी अशी गाडी आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. उंच बांधा, लांब झोके घेणारे शॉकअप, आणि पोटात १४९ सीसीचे, सुमारे तेरा अश्वशक्तीचे इंजिन. खप फारसा झाला नाही, आणि काही वर्षांत ती बनायची बंद झाली. पण डोंगरातल्या पोरांचा जीव तिच्यावर जडला तो जडलाच. त्यांची तक्रार एकच : केळदच्या बाजूच्या चढणीवर मागे माणूस बसले की ती दम टाकते.

या तक्रारीवर हौशी मंडळींनी एक तोड काढली आहे. जुन्या करिझ्माचे इंजिन काढायचे आणि इम्पल्सच्या सांगाड्यात बसवायचे. हे इंजिन २२३ सीसीचे, सुमारे सतरा अश्वशक्तीचे. २००३ साली करिझ्मा निघाली ती गुळगुळीत हमरस्त्यासाठी, पण तिचे इंजिन मुळात होंडाच्या कच्च्या वाटेवरच्या गाडीच्या घराण्यातले. म्हणजे माहेरी निघालेल्या लेकीसारखाच हा प्रकार! पण माहेरीसुद्धा लेकीला जागा करून द्यावी लागते. इंजिन ज्या बोल्टांवर लटकते त्यांची भोके जुळवून घ्यावी लागतात, सांगाड्याला नवे कान वेल्डिंगने जोडावे लागतात, साखळीची पुढची आणि मागची चक्रे एका रेषेत आणावी लागतात, वायरिंग नव्याने ओढावी लागते आणि सायलेन्सरचा पाईप वाकवून घ्यावा लागतो. या पोराने हे सारे घरच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या साक्षीने केले होते. वेल्डिंग तेवढे गावातल्या गेट-खिडक्या करणाऱ्या कारागिराकडून करून घेतले होते.

काम पाहून मला कौतुक वाटले, हे आधी सांगितले पाहिजे. शाळेत गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा हा मुलगा दोन चक्रांमधली अर्ध्या सुताची तफावत नुसत्या नजरेने ओळखत होता. हात पुसत त्याने विचारले, “गुरुजी, गाडी तीच ना? नंबर तर तोच आहे.”

वाचकहो, हा प्रश्न फार मोठ्या माणसांनी विचारलेला आहे. मिलिंद नावाचा यवन राजा नागसेन भिक्षूला भेटला, त्या संवादाचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. राजा रथातून आला होता. भिक्षूने त्याला विचारले, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले की या साऱ्यांच्या जुळणीला व्यवहारात आपण रथ म्हणतो इतकेच. ग्रीकांकडे थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे. कुजलेली एकेक फळी काढून अथेन्सचे लोक तिथे नवी फळी बसवीत गेले, आणि जहाज तेच की दुसरे यावर पंडितांचे वाद रंगले. नागसेनाच्या हिशेबाने पाहिले तर माझ्या विद्यार्थ्याला सरळ उत्तर देता आले असते. ‘गाडी’ हे नुसते नाव. ‘तीच’ म्हणालास तरी चालेल, ‘दुसरी’ म्हणालास तरी चालेल.

पण नागसेनाच्या रथावर दुसऱ्या दिवशी कोणाची बहीण बसून जायची नव्हती. या मुलाची धाकटी बहीण रोज त्याच्या मागे बसून नसरापूरपर्यंत जाते आणि तिथून एसटीने भोरला कॉलेजात. भावाने गाडीचे इंजिन बदलले एवढे तिला ठाऊक होते. सांगाड्याला कुठे आणि कसे जोडकाम केले आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे असते हे भावाच्या मनातही आले नव्हते.

मुलाने मला दुसरे उदाहरण दिले. “डॉक्टर काळीज बदलतात, माणूस तोच राहतो ना गुरुजी? मग गाडीचे काय?” मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातली पहिली शस्त्रक्रिया केली त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. आपल्याकडचा तो रुग्ण काही तासच जगला. भारतात यश आले ते ऑगस्ट १९९४ मध्ये, दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. मधली सव्वीस वर्षे हातात कसब नव्हते म्हणून का गेली? कसब १९६८ सालीही होते. उणीव दुसऱ्याच गोष्टींची होती. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची चांगली औषधे नव्हती. मृत्यू कशाला म्हणावे, अवयव कोणाच्या संमतीने घ्यावा, नोंद कुठे करावी, हे सांगणारा कायदाही नव्हता. तो १९९४ सालीच झाला.

इथेच काळीज आणि इंजिन यांच्या वाटा वेगळ्या होतात. शरीर परका अवयव नाकारते. ताप येतो, सूज येते, माणूस सावध होतो. लोखंड काही नाकारत नाही. ते सोसते. तेरा अश्वशक्तीसाठी बांधलेला सांगाडा सतराची ओढ निमूटपणे सोसतो. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडली तरी कण्हत नाही, आणि सोसता सोसता एखाद्या दिवशी, बहुधा उतारावर, तुटतो. ब्रेकचेही तसेच. ताशी साठावरून वेग ऐंशीवर गेला तर तो थोपवायला पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. वेग वाढवणारे इंजिन आले, पण ब्रेक होते तेच राहिले. ज्या वस्तूला तक्रार करता येत नाही, तिच्या वतीने कोणीतरी विचार करायला हवा. यंत्राशी वागण्यातली पहिली नीती हीच, असे मला वाटते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बदल हाच गुन्हा मानला तर जगात नवे काही निपजायचे नाही. आमच्या खेड्यांचा अर्धा संसार जोडाजोडीवर चालतो. एकाच इंजिनावर कधी पाणी उपसतात, कधी मळणी काढतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल असे म्हणणारे शेतकरी होते. लक्ष्मणराव त्या बोलण्याला भिऊन थांबले असते तर नुकसान आपलेच होते. मग गोठ्यातल्या या पोराला मी कोणत्या तोंडाने थांबवू?

पण लक्ष्मणरावांनी केलेली आणखी एक गोष्ट आपण विसरतो. त्यांनी नांगरावर आपले नाव घातले. नांगर मोडला तर शेतकऱ्याने कोणाच्या दारात यायचे, हे त्या नावाने सांगून ठेवले. जुन्या वस्तूत फेरफार करणे आणि नवी वस्तू घडवणे यांत खरा भेद हाच आहे. माझ्या विद्यार्थ्याने नवी वस्तू घडवली होती, आणि नाव मात्र जुनेच राहू दिले होते. कंपनीने त्या गाडीची हमी दिली होती ती सगळ्या गाडीची, सुट्या सांगाड्याची नव्हे. एक भाग काढला त्याच क्षणी कंपनी त्या हमीतून मोकळी झाली, आणि तिची रिकामी खुर्ची कोणाच्याही नकळत या मुलाकडे आली. त्या खुर्चीत बसायचे की नाही, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. गाडी तीच की दुसरी, हे नंतरचे.

कायदाही वेगळे काही म्हणत नाही. गाडीच्या नोंदणीत इंजिनाचा आणि चेसिसचा असे दोन्ही क्रमांक असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलायचे तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रूपापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आपल्याला कायदा म्हटले की दंडाची पावती आठवते. पण त्या दोन क्रमांकांचा अर्थ साधा आहे. आत जे आहे तेच बाहेर लिहिलेले असावे. या मुलाच्या कागदावर जो इंजिन क्रमांक होता, ते इंजिन गोठ्यात पोत्याखाली पडले होते. आणि जे गाडीत धडधडत होते, ते एका भंगारवाल्याकडून आणलेले, पावतीवाचून. त्याआधी ते कोणाच्या गाडीत होते, ती गाडी मोडीत निघाली, अपघातात सापडली की चोरीला गेली, हे त्याला सांगता येईना.

मी त्याला म्हटले, “गाडी तीच की नाही, हे राहू दे. उद्या काही झाले तर ‘हे मी केले’ असे म्हणायची तयारी आहे का? असेल तर आधी मागे बसणारीला सगळे सांग.”

पुढच्या आठवड्यात त्याने बहिणीला गोठ्यात नेले आणि वेल्डिंगच्या चारही जागा दाखवल्या. ती रागावली नाही. “दादा, पावती आणि परवानगी मिळेपर्यंत मी एसटीने जाते,” एवढेच म्हणाली. गावातून सुटणारी एसटी पहाटेची. त्यासाठी तिला पाचला उठावे लागते.

ही काही एका गाडीची गोष्ट नाही. घराण्याचे नाव, शाळेची पाटी, पक्षाचा झेंडा, दुकानावरचा ‘स्थापना’ म्हणून रंगवलेला सन, हे सारे जसेच्या तसे ठेवून आतले इंजिन बदलण्याची कला आपल्याला चांगली साधली आहे. बदलायला हरकत नाही. कित्येकदा बदलावेच लागते. फक्त जो बदलतो त्याने पुढे येऊन आपले नाव सांगावे, आणि आपल्या भरवशावर मागे बसलेल्यांना जोड कुठे आहे ते दाखवावे. जुन्या नावाच्या आड बसून नव्याचा वेग भोगायचा आणि मोडले की जुन्याकडे बोट दाखवायचे, याला मात्र कसब म्हणता येत नाही.

दसऱ्याला त्या घरी आपटा द्यायला गेलो होतो. मुलाच्या आईने गाडीला झेंडूची माळ घातली होती, आणि पोत्याखालचे जुने इंजिन पुसून त्यालाही हळदकुंकू वाहिले होते. गाडी शेडमध्येच उभी होती. मुलगा पावतीसाठी भंगारवाल्याकडे तीन खेपा घालून आला होता आणि चौथीच्या तयारीत होता.