स्वयंपाकघराचे दार

गेले दोन महिने आमच्या घरात एक वही फिरते आहे. तिच्यावर सौ.च्या अक्षरात ‘दोनोस्तिया’ असे लिहिले आहे. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे, फ्रान्सच्या सरहद्दीपासून वीसएक किलोमीटरांवरचे हे बास्क लोकांचे शहर. स्पॅनिशमध्ये त्याला सान सेबास्तियन म्हणतात. तेथे आम्ही उभयता जाणार आहोत, आणि तेही (सांगताना अजून संकोच वाटतो) केवळ खाण्यासाठी. आमच्या पिढीला प्रवासाला काही सबब लागे : देवदर्शन, कुणाचे लग्न, सुनेचे बाळंतपण. जिभेचे चोचले हीसुद्धा सबब होऊ शकते, हे कबूल करायला मला साठी उलटावी लागली.

पण संकोच एकदा सुटला की माणूस किती निर्लज्ज होतो पाहा! पहिल्या संध्याकाळी जुन्या गावात ‘पिंचो’ खायचे, असे मी वहीत नोंदवून ठेवले आहे. एका गुत्त्यात उभ्याउभ्या एक-दोन घास खायचे आणि पुढच्या गुत्त्यात शिरायचे, अशी तिथली रीत. त्यांतला ‘गिल्डा’ म्हणजे काडीला टोचलेले ऑलिव्ह, खारवलेली मासळी आणि लोणच्यातली हिरवी मिरची. 1946 साली निघालेल्या त्याच नावाच्या चित्रपटातल्या नायिकेवरून हे नाव पडले. पुष्कळ ठिकाणी आपण काय काय खाल्ले ते आपणच शेवटी सांगायचे. गिऱ्हाइकाच्या शब्दावर हिशेब! हे वाचले तेव्हाच मी त्या गावाच्या प्रेमात पडलो.

जुन्या गावात ‘31 ऑगस्ट’ नावाची एक गल्ली आहे. 1813 साली त्या दिवशी इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी नेपोलियनच्या सैन्याकडून हे शहर घेतले आणि सोडवायला आलेल्यांनीच ते लुटले, जाळले. उरली ती जवळजवळ एवढीच गल्ली. आज ती खाणावळींनी गजबजलेली असते. तेथे चवीने खाणे म्हणजे राखेवर पाट मांडणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. जळलेल्या गावात पुन्हा चूल पेटली, यात अनादर कसला? मागच्यांचे दुःख आठवत कोणी घास गिळू लागला, तर जगात एकही पान निर्दोष मिळायचे नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी आली. मुलीच्या ओळखीचे एक बास्क गृहस्थ एका भोजनमंडळाचे सभासद आहेत. या मंडळांना ‘चोको’ म्हणतात. चोको म्हणजे उबदार कोपरा. ‘उनियोन आर्तेसाना’ हे त्यांतले जुने मंडळ 1870 पासूनचे. सभासदांपाशी किल्ली असते; मित्रांना घेऊन यावे, स्वतः रांधावे, तेल-दारू जे वापरले ते चिठ्ठीवर लिहून पैसे ठेवावे. पुरुष तास तास कढई हलवीत कॉड माशाच्या कातडीतला चिकटपणा आणि तेल यांची दाट चटणी करतात. पीठ नाही की काही नाही. मात्र ही मंडळे पुरुषांची. आता काहींनी स्त्रियांना सभासद करून घेतले आहे; काहींत स्त्री पाहुणी म्हणून बसते, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकत नाही. आमच्या यजमानांचे मंडळ या दुसऱ्या जातीचे. ‘पत्नीला अवश्य आणा,’ असे त्यांनी लिहिले आणि हा नियमही प्रामाणिकपणे कळवला.

सौ. खळखळून हसली. ‘अहो, चाळीस वर्षं ज्या खोलीतून मला बाहेर पडता आलं नाही, त्या खोलीत शिरायची बंदी? हे तर बक्षीसच झालं!’

मला हसू आले नाही. त्याच गावातले आर्झाक हे विख्यात उपाहारगृह, तिथल्या आचाऱ्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने सांभाळले. आज त्याची मुलगी एलेना तेथे रांधते. म्हणजे पोटासाठी रांधायला बाई चालते. मौजेसाठी रांधायची म्हटली की दार बंद! मौज ती काय असते? मला वाटते, कोणी उपाशी वाट पाहत नसताना चुलीपाशी जाणे आणि कंटाळा आला की उठून जाता येणे. ही सुटका त्या पुरुषांनी आपल्यापुरती करून घेतली आहे, आणि तिचेच त्यांना सुख होते.

रागावून नकाराचे पत्र लिहायला बसलो आणि थांबलो. ते निदान रांधतात तरी. मी चाळीस वर्षांत आमटीला फोडणी दिलेली नाही. दोन महिने मी कॉडच्या कृती वाचून दाखवीत आहे आणि ऐकणारी ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापते आहे. आमच्या चोकोचा नियम एवढाच की दार उघडे असते. मी आत जात नाही.

वहीत गुरुवारची संध्याकाळ अजून कोरी आहे. ‘जाऊ या की,’ सौ. म्हणाली, ‘फक्त त्यांना एवढं विचारा, मागाहून भांडी कोण घासतं?’ ते वाक्य मी जसेच्या तसे पत्रात घातले आहे. उत्तर यायचे आहे.