विश्वामित्रांचा कडकपणा



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, बालकांड, सर्ग २२ ते २६. घरी पोथी नसेल तर मोबाइलवर उघडा. अर्ध्या तासात वाचून होतं.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. विश्वामित्र दशरथाकडे येतात आणि यज्ञाच्या रक्षणासाठी राम मागतात. दशरथ गयावया करतो. पोरगं अजून सोळा वर्षांचंसुद्धा नाही, हवं तर मी सैन्य घेऊन येतो म्हणतो. शेवटी वसिष्ठ समजूत घालतात आणि दोघं भाऊ निघतात. आजच्या हिशेबाने दहावीच्या वयाची मुलं. राजवाड्यात वाढलेली. आणि सोबतीला असा माणूस की ज्याच्या रागाला देवसुद्धा टरकायचे.

हा भाग मी या आठवड्यात मुद्दाम घेतलाय. माझा भाचा सुट्टीत एका शिबिराबरोबर हरिहरला गेला होता. त्र्यंबकजवळचा हा किल्ला ज्यांनी चढलाय त्यांना त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आणि हाताने धरायच्या खोबण्या आठवत असतील. अर्ध्यात गटातल्या एका मुलीचे पाय लटपटायला लागले. तिने पाणी मागितलं. शिबिराचे सर म्हणाले, "नाटकं बंद. पाणी वर पोचल्यावर." भाचा म्हणाला, "सर, तिला खरंच चक्कर येतेय," तर त्यालाही सगळ्यांसमोर झाडलं. मागच्या मुलाने तिला धरून ठेवलं म्हणून निभावलं. घरी हा विषय निघाला तेव्हा आमचे एक काका म्हणाले, "अरे, मुलांना कडक माणूस हवाच. विश्वामित्रांनी रामाला काय एसीत बसवून शिकवलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन बालकांड काढलं.

काकांचं अर्धं बरोबर आहे. विश्वामित्रांनी मुलांना रथात घातलं नाही, पायी नेलं. शरयूच्या काठाने पहिल्याच दिवशी दीड योजन. योजनाचं कोणतंही माप धरा, राजवाड्यातल्या पायांना ती चाल थोडी नाही. रात्री झोपायला गवत. पुढे गंगेपलीकडचं भयाण अरण्य, तिथली ताटका, आणि त्यानंतर यज्ञाचे सहा दिवस-सहा रात्री डोळ्याला डोळा न लावता पहारा. यातलं काहीही त्यांनी सोपं केलं नाही.

आता उरलेलं अर्धं. चालायला सुरुवात झाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं? रामाला नदीचं पाणी ओंजळीत घ्यायला सांगितलं आणि बला-अतिबला या विद्या दिल्या. कशासाठी, तर थकवा येऊ नये, भूक-तहान बाधू नये. परीक्षा पुढे होती, शिदोरी आधी दिली. त्या रात्री ते तिघंही नदीकाठीच राहिले. ते गवताचं अंथरूण या राजकुमारांना शोभणारं नव्हतं हे वाल्मीकी लपवत नाहीत, पण लगेच सांगतात की विश्वामित्रांच्या मायेच्या बोलण्याने ती रात्र मुलांना सुखाची गेली. (वेंकटेश सुप्रभात ज्या श्लोकाने सुरू होतं ना, तो इथलाच. दुसऱ्या दिवशी पहाटे विश्वामित्र रामाला उठवताना म्हणतात तो. कौसल्येचं नाव घेऊन उठवतात! घर सोडून आलेल्या पोराला आईच्या नावाने हाक.)

मग नाव गंगेत असताना राम विचारतो, हा पाण्याचा एवढा आवाज कसला? मोठ्यांना वैताग येईल असा प्रश्न. विश्वामित्र मानस सरोवरापासून शरयू कशी निघाली ते सांगतात, ती इथे गंगेला मिळते त्याचा हा आवाज म्हणतात, नमस्कार करायला लावतात. पलीकडे गेल्यावर राम पुन्हा विचारतो, हे वन कोणाचं? पुन्हा सगळी हकीकत. एकदाही "गप चल" नाही.

ताटकेच्या वेळी तर राम अडतो. बाई आहे, जीव घ्यायला मन होत नाही, नाक-कान कापून सोडू असं तो लक्ष्मणाला म्हणतो. (आपण नाशिककर नाक कापण्याची गोष्ट शूर्पणखेशी जोडतो, पण लक्ष्मणाने पहिलं नाक कापलं ते इथे, ताटकेचं.) विश्वामित्र ठाम राहतात. दया पुरे, संध्याकाळ होतेय, अंधार पडला की राक्षस आवरायचे नाहीत, असं कारण देतात. तिला मारल्यावर ते रामाचं मस्तक हुंगतात, आई लेकराचं हुंगते तसं.

भाच्याला मी हे वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, ते सर एकदाही आमच्यात जेवायला बसले नाहीत."

विश्वामित्रांना राग यायचा नाही असं समजू नका. दशरथाने दिलेला शब्द फिरवला तेव्हा ते असे भडकले की पृथ्वी हादरली. पण तो राग शब्द मोडणाऱ्या राजावर होता. या सगळ्या वाटेत मुलांवर तो एकदाही निघत नाही. आणि हे त्यांना फुकट मिळालं नव्हतं. पुढे मिथिलेत शतानंद रामाला त्यांचं पूर्वचरित्र सांगतात. रागाच्या भरात स्वतःच्या मुलांना दिलेला शाप, रंभेला शिळा केलं तो शाप, आणि त्या एका रागात गेलेली तपश्चर्या. त्यानंतर त्यांनी ठरवलं की रागवायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. रामाला जो वाटाड्या मिळाला तो रागाने आपलंच किती जळतं हे पाहून आलेला होता. काका ज्यांचं नाव घेतात ते विश्वामित्र मला तरी या आधीच्या प्रकरणातले वाटतात, मुलांना घेऊन निघालेले नव्हेत.

मग बऱ्याच वर्षांनी हाच राम आपल्या पंचवटीत येतो. आता वाट दाखवणारा तोच आहे. अरण्यकांडात तो लक्ष्मणाला म्हणतो, जागा अशी बघ जिथे वन रमणीय असेल, आणि समिधा, फुलं, दर्भ, पाणी हाताशी असेल. लक्ष्मण म्हणतो, शंभर वर्षं झाली तरी मी तुझ्याच आज्ञेत, तूच दाखव. तेव्हा राम त्याचा हात धरतो आणि गोदावरीजवळची जागा दाखवतो.

उद्या सर्ग २७ आणि २८. ताटकावनातली ती रात्र सरते आणि सकाळी विश्वामित्र हसत हसत रामाला अस्त्रं द्यायला बसतात. वाचून या.

श्रीराम.