जीवकाच्या जागी विदारी

आमच्या ग्वाल्हेरच्या घरी, आवळे बाजारात आले की च्यवनप्राश होत असे. वैद्यबुवा यादी लिहून देत. तीत जीवक आणि ऋषभक यांच्यापुढे ‘अभावी विदारीकंद’ असा शेरा असे. पुढे सरकारी नोकरीत आम्ही असंख्य शेरे मारले. इतका सरळ शेरा त्यांत क्वचितच असेल.

गेल्या हिवाळ्यात घरातील दीर्घ आजारपणानंतर आम्ही ‘अस्सल अष्टवर्गयुक्त’ अशी चिठ्ठी पाहून दुप्पट दाम मोजले. समाधानही वाटले. हे अस्सल आले कोठून, हा प्रश्न मात्र बरणी घरी आल्यावर पडला.

अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातील मानल्या जातात. हिमाचल-उत्तराखंडाच्या डोंगरउतारांवर, ओलसर गवतात नि झाडांच्या सावलीत त्या वाढतात. औषधाला लागतो तो कंद. तो खणून नेला की रोपच गेले. बी धुळीसारखे बारीक. त्यात अंकुरापुरतीही शिदोरी नसते; मातीतील अनुकूल बुरशीने पोसले तरच ते रुजते. म्हणजे एकदा उजाड झालेला उतार सहजी भरून येत नाही.

सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त लिहून ठेवले आहे, की अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ, म्हणून मेदा-महामेदांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारी, काकोलीच्या जोडीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धींऐवजी वाराहीकंद घ्यावा. राजाने जे सोडावे ते निवृत्तिवेतनधारकाने हट्टाने मागावे, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा!

रोग्याचा जीव रोपापेक्षा मोठा, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य आहे. परंतु आमच्या घरचा रोगी बरा झालेला होता. हवी होती ती थोडी ताकद. तिला विदारी पुरत असेल, तर आम्ही दुप्पट दाम मोजले ते अभिमानाचे. पुरत नसेल, तर प्रश्न अधिक कठीण होतो. कारण मग त्या कंदावर पुढील पिढीच्या रोग्याचाही हक्क आहे, आणि तो मागावयास येथे हजर नाही. पोटासाठी कंद खणणाऱ्या पहाडी माणसाला दोष देणे सोपे. मागणी आमची होती.

बरणीत खरोखर जीवकच आहे, की न सांगता घातलेली विदारी, हेही कळावयास मार्ग नाही. विदारी असेल तर चिठ्ठी खोटी; नसेल तर एक उतार तेवढा रिकामा झाला. यांपैकी कोणती गोष्ट खरी असावी असे आम्हांस वाटते, हे अद्याप ठरत नाही. बरणी अर्धी उरली आहे. टाकून देऊन कंद परत जाणार नाही, म्हणून सकाळचा चमचा चालू आहे.