कमानीतून आत येईल एवढा

गिरगावातल्या एका वाडीत गणपती बसायचा पटांगणात. शाडूचा, हातभर उंचीचा. संध्याकाळी आरती, मग मुलांची वेशभूषा स्पर्धा, एका रात्री वाडीतल्याच मंडळींचं नाटक. जिना न उतरणाऱ्या आजींनाही गॅलरीतून दर्शन होई.

मग पोरांच्या मनात आलं, लालबागला लोक रात्रभर रांगेत उभे राहतात, आपल्याकडे का नाही? त्यांनी मूर्ती मोठी केली. वाडीच्या कमानीतून ती आत येईना, म्हणून मांडव रस्त्यावर गेला. पुढच्या वर्षी शेजारच्या मंडळानं उंची दोन फुटांनी वाढवली, यांनी तीन. नाटकाचे पैसे डीजेला गेले. आजींना गणपती फोनवर बघावा लागे. फोटो पुष्कळ निघाले, पण आरतीला वाडीतली माणसं कमी होत गेली आणि वर्गणीसाठी दारं उशिरा उघडू लागली.

विसर्जनानंतर हिशेब जुळेना, तेव्हा पोरं सर्वांत जुन्या कार्यकर्त्याकडे गेली. "आजोबा, एवढी मोठी मूर्ती आणली, तरी लोक का येत नाहीत?"

"उंच मूर्तीत वाईट काही नाही रे," आजोबा म्हणाले. "पण तुम्ही लालबागची उंची घेतलीत, त्यामागचं कारण घेतलं नाहीत. लालबागच्याच गणेश गल्लीतल्या मंडळानं १९७७ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षी, दीनानाथ वेलिंगांकडून २२ फुटी मूर्ती घडवून घेतली. ती गिरणगावातल्या माणसांची स्वतःची हौस होती. लालबागचा राजा १९३४ मध्ये बसला, तो बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी केलेल्या नवसाचा. आणि आपल्याच खाडिलकर रोडवरची केशवजी नाईक चाळ बघा. १८९३ पासूनचा उत्सव. मूर्ती अजून लहान, अजून शाडूची, अजून पालखीतून येते आणि पालखीतूनच जाते. लालबागची गर्दी त्यांनाही दिसतेच की."

"मग आपण काय करायचं?"

"आपल्या कमानीतून आत येईल एवढा गणपती आणा."

पुढच्या वर्षी मूर्ती पटांगणात बसली. रांग लागली नाही. नाटक मात्र झालं, आणि वाडी सोडून गेलेली दोन कुटुंबं त्याच्या तालमींसाठी उपनगरातून रोज संध्याकाळी येत होती.

तुमच्याही मंडळाची पहिली सभा भरेल, तेव्हा शेजारचे यंदा काय करतायत हा विषय बाजूला ठेवा. आपल्या माणसांना काय हवंय, ते आधी घरोघरी जाऊन विचारा.